सिटी पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावी? लंडनच्या उदाहरणातून समजून घ्या पूर्ण हिशेब

परदेशातल्या शहराची सहल ठरली की मोबाईलवर एक जाहिरात हमखास दिसू लागते. ‘एकच पास, शेकडो ठिकाणं, निम्म्या पैशांत अख्खं शहर.’ रील्समध्येही कुणीतरी फोनवरचा क्यूआर कोड दाखवत सांगत असतं, की पास घेतला आणि एवढे पैसे वाचले. लंडन, पॅरिस, सिंगापूर, दुबई, न्यूयॉर्क अशा बहुतेक मोठ्या पर्यटन शहरांत असे पास मिळतात.

अडचण अशी, की घरातले चार जण जाणार असतील तर पासचा खर्च तीस-चाळीस हजार रुपयांच्या पुढे सहज जातो. तो वसूल झाला तर उत्तम. नाही झाला तर पैसे जातातच, शिवाय ते वसूल करायच्या नादात सहलीची धावपळ होते ती वेगळीच.

मग पास घ्यायचा की नाही, हे ठरवायचं कसं? यासाठी लंडनचं उदाहरण सोयीचं आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकायला, नोकरीला आहे म्हणून महिन्याभरासाठी जाणारे आई-बाबा महाराष्ट्रातल्या अनेक घरांत आहेत. आणि पासचं गणित कुठे जमतं, कुठे फसतं हे या एका शहरात स्पष्ट दिसतं.

सिटी पास म्हणजे नेमकं काय?

एकदाच पैसे भरायचे आणि यादीतल्या ठिकाणी वेगळं तिकीट न काढता आत जायचं, ही मूळ कल्पना. पण त्यात दोन मुख्य प्रकार आहेत आणि गल्लत इथेच होते.

पहिला प्रकार दिवसांचा. एक, दोन, तीन किंवा जास्त दिवसांचा पास घ्यायचा आणि तेवढ्या दिवसांत जमतील तितकी ठिकाणं बघायची. ‘लंडन पास’ या प्रकारातला आहे. टॉवर ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल्स कॅथेड्रल, टॉवर ब्रिज, विंडसर कॅसल, थेम्स नदीतली बोटीची सफर अशी ठिकाणं त्याच्या यादीत असतात.

दुसरा प्रकार ठिकाणांचा. तीन, चार, पाच अशी ठिकाणांची संख्या निवडायची आणि ती सावकाश बघायची. या पासची मुदत सहसा काही आठवड्यांची असते.

पहिल्या प्रकारात तुम्ही वेळ विकत घेता, दुसऱ्यात प्रवेश. त्यामुळे पहिला पास धावणाऱ्यांना परवडतो आणि दुसरा रमतगमत फिरणाऱ्यांना. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी असतात.

एवढं स्वस्त देऊन कंपनीला परवडतं कसं?

पास विकणारी कंपनी आणि पर्यटनस्थळं यांच्यात करार असतो. तुम्ही पास दाखवून आत गेलात की कंपनी त्या ठिकाणाला ठरलेली रक्कम देते. घाऊक व्यवहार असल्याने ही रक्कम तिकीटखिडकीवरच्या दरापेक्षा कमी असते.

म्हणजे तुम्ही जितकी जास्त ठिकाणं बघाल, तितका कंपनीचा खर्च वाढतो. कमी बघाल, तितका तिचा फायदा. पास घेणारे सगळेच दिवसाला चार-पाच ठिकाणं करत नाहीत. कुणी थकतं, कुणाला उशिरा जाग येते, कुणी दुपारभर खरेदीत अडकतं. जेवायच्या थाळीचं असतं तसंच हे. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी पोटाला मर्यादा असते आणि मालकाला ती ठाऊक असते.

यात फसवणूक काही नाही. फक्त जाहिरातीतला ‘एवढे वाचवा’ हा आकडा भरपूर ठिकाणं बघणाऱ्या पर्यटकाचा असतो. तुम्ही तसे आहात का, एवढंच तपासायचं.

आता प्रत्यक्ष हिशेब करू

२०२५ मधले प्रौढांसाठीचे साधारण दर घेऊ. टॉवर ऑफ लंडन ३५ पौंड, वेस्टमिन्स्टर ॲबी ३०, सेंट पॉल्स २६, टॉवर ब्रिज १६, विंडसर कॅसल ३२ आणि थेम्समधली बोट २५. पासच्या किमती सवलतींप्रमाणे सतत बदलतात, म्हणून गणितापुरता एका दिवसाचा पास १०० पौंड आणि तीन दिवसांचा १५० पौंड धरू. एक पौंड म्हणजे ११५ रुपये धरू. तुमच्या सहलीच्या वेळचे दर टाकून हेच गणित पुन्हा करता येईल.

उदाहरण पहिलं : दोघं तरुण, हातात तीन दिवस. पहिल्या दिवशी टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज आणि बोट. दुसऱ्या दिवशी ॲबी आणि सेंट पॉल्स. तिसऱ्या दिवशी विंडसर. सुट्या तिकिटांची बेरीज १६४ पौंड, पास १५० पौंडांचा. माणशी १४ पौंड वाचले, म्हणजे सुमारे १,६०० रुपये. पण सहाही ठिकाणं झाली तरच. सेंट पॉल्स राहिलं तर बेरीज १३८ वर येते आणि पास १२ पौंडांनी महाग पडतो.

उदाहरण दुसरं : पुण्याहून गेलेले आई-बाबा, सोबत तिथे नोकरी करणारी मुलगी आणि जावई. मुक्काम मोठा, पण फिरायला एकत्र मिळालेले दिवस तीनच. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसाला एकच मोठं ठिकाण. टॉवर ऑफ लंडन, ॲबी आणि बोट, बेरीज माणशी ९० पौंड. पास घेतला असता तर माणशी १५०. चौघांचा मिळून २४० पौंडांचा फरक, म्हणजे २७,६०० रुपये. एवढ्यात चौघांची बरीचशी जेवणं निघतात.

उदाहरण तिसरं : एकच दिवस हातात आहे आणि एका दिवसाचा पास घेतला. टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज, बोट आणि सेंट पॉल्स. बेरीज १०२, पास १००. दिवसभर घड्याळाकडे बघत धावून वाचले दोन पौंड.

तिन्ही उदाहरणांत शहर तेच आहे आणि दरही तेच. फरक पडला तो कोण, कसं फिरतंय यामुळे.

लंडनमध्ये मोफत काय काय आहे?

हा मुद्दा लंडनमध्ये सगळ्यात महत्त्वाचा. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये रद्द झालं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आणि टेट मॉडर्न यांचे कायमस्वरूपी संग्रह आजही मोफत बघता येतात. खास प्रदर्शनांना तेवढं तिकीट असतं.

मराठी पर्यटकाच्या यादीत हमखास असणारं आणखी एक ठिकाण म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना या घरात राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. त्यासाठी पासची गरज नाही.

आणि शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं बघायची असतील तर आधी हे लक्षात घ्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहातली ही वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली आणि त्यांचं प्रदर्शन साताऱ्यात सुरू झालं.

उंचावरून शहर बघायचं असेल तर ‘द शार्ड’ या इमारतीचा सज्जा पैसे देऊन बघता येतो. ‘स्काय गार्डन’मधूनही लंडन दिसतं आणि तिथे प्रवेश मोफत आहे, फक्त ऑनलाईन वेळ आधी घ्यावी लागते. हाईड पार्क, ट्रॅफल्गार स्क्वेअर, बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल यांनाही पैसे लागत नाहीत.

याचा पासशी संबंध असा, की दिवसांच्या पासचं घड्याळ सुरू असताना ब्रिटिश म्युझियममध्ये घालवलेले चार तास तुम्हाला खटकू लागतात. मोफत ठिकाणी वेळ गेला म्हणजे पास वाया गेला असं वाटतं. म्हणून ज्यांच्या यादीत निम्मी ठिकाणं मोफत आहेत त्यांनी पासचे दिवस आणि मोफत ठिकाणांचे दिवस वेगळे ठेवावेत, किंवा पास घेऊच नये.

बस-मेट्रोचं काय?

काही शहरांतल्या पासमध्ये स्थानिक प्रवास धरलेला असतो. लंडनमध्ये त्याची फारशी गरज पडत नाही. इथे कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, फोन किंवा ऑयस्टर कार्ड यंत्राला टेकवलं की भाडं कापलं जातं. दिवसभरात कितीही वेळा प्रवास केला तरी ठरलेल्या कमाल रकमेपेक्षा जास्त कापलं जात नाही. मार्च २०२५ च्या दरांनुसार मध्य लंडनमध्ये, म्हणजे झोन १ आणि २ मध्ये, ही कमाल रक्कम दिवसाला ८.९० पौंड होती. फक्त बसने फिरलात तर ५.२५ पौंड. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत मेट्रोने मोफत जातात.

एक काळजी घ्या. दिवसभर एकच कार्ड किंवा एकच फोन वापरा. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन टेकवलात तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते. प्रत्येक प्रवाशाला स्वतःचं कार्डही हवं. भारतीय कार्ड असेल तर परदेशी व्यवहार आणि टॅप-पेमेंट दोन्ही सुरू आहेत का, बँक त्यावर किती शुल्क लावते, हे निघण्याआधी बघून ठेवा.

‘हॉप ऑन हॉप ऑफ’ ही पर्यटकांची उघडी बस पासमध्ये एक दिवसासाठी मिळते. पण पैसा वसूलच्या गणितात तिची पूर्ण किंमत धरण्याआधी स्वतःला विचारा : पास नसता तर तुम्ही हे तिकीट काढलं असतं का? लंडनची साधी १५ नंबरची लाल दुमजली बस ट्रॅफल्गार स्क्वेअर, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनपर्यंत जाते. २०२५ मध्ये बसचं भाडं होतं १.७५ पौंड.

हाच प्रश्न पासमधल्या प्रत्येक ठिकाणाला लावावा. जे तुम्ही एरवी बघितलंच नसतं, त्याची किंमत बचतीत धरायची नाही. ‘मिळतंय तर बघून घेऊ’ ही ठिकाणं हिशेबाच्या कागदावर शून्य पौंडांची.

‘एक दिवस’ म्हणजे किती तास?

लंडन पासचा दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस. दुपारी तीन वाजता पहिल्यांदा पास वापरला तर त्या रात्रीच एक दिवस संपतो. आणि दिवस सलग मोजले जातात, मध्ये एक दिवस आराम केला तर तो फुकट जातो. पॅरिसच्या म्युझियम पासचं तसं नाही. तो ४८, ९६ किंवा १४४ तासांचा असतो. मंगळवारी दुपारी दोनला सुरू केला तर ४८ तास गुरुवारी दुपारी दोनला संपतात.

लंडनमधली बहुतेक मोठी ठिकाणं संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी थांबतो. हिवाळ्यात काही ठिकाणं आणखी लवकर बंद होतात. डिसेंबरात तर चारच्या सुमारास अंधार पडतो. त्यामुळे पासचा ‘दिवस’ खरं तर सहा-सात तासांचाच उरतो. टॉवर ऑफ लंडन नीट बघायला तीन तास लागतात. कोहिनूर ज्या मुकुटात आहे तो तिथेच ठेवलेला आहे आणि त्या दालनासमोर रांग असते. विंडसरला तर जाऊन-येऊन बहुतेक दिवस जातो आणि रेल्वेचं भाडं वेगळं.

सुट्टीचे वारही बघायला हवेत. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स रविवारी पर्यटकांसाठी बंद असतात, तिथे फक्त प्रार्थना असते. विंडसर कॅसल मंगळवारी आणि बुधवारी बंद. शनिवार-रविवारचा दोन दिवसांचा पास घेतला तर रविवारी यादीतली दोन मोठी नावं आपोआप गळतात.

पास असला की रांग टळते?

अर्धवट खरं. तिकिटाची रांग टळते, पण सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. शिवाय अनेक ठिकाणी पास असूनही वेळ आधी आरक्षित करावी लागते. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयासाठी पासधारकांनाही वेळ ठरवून घ्यावी लागते. हंगामात या वेळा भरून जातात. म्हणजे पास हातात आणि प्रवेश नाही, अशी वेळ येऊ शकते. त्यामुळे पैसे भरण्याआधी तुमच्या तारखांना आरक्षण मिळतंय का ते बघावं.

मुलं, विद्यार्थी आणि ज्येष्ठांचं काय?

कुटुंबाच्या हिशेबात सगळ्यात जास्त चूक इथे होते. लंडन पासमध्ये प्रौढ आणि मूल असे दोनच दर आहेत. पण टॉवर ऑफ लंडनच्या तिकिटात ६५ वर्षांवरील व्यक्तींना आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे, तर पाच वर्षांखालची मुलं मोफत जातात. म्हणजे आई-बाबा ६५ च्या पुढचे आणि मुलगी तिथे शिकणारी असेल तर त्यांच्या सुट्या तिकिटांची बेरीज आणखी खाली येते. पास मात्र पूर्ण दराचा.

पॅरिसमध्ये लूव्हरसह राष्ट्रीय संग्रहालयांत १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. तिथे पासचा विचार फक्त मोठ्यांपुरता करायचा.

म्हणून ‘चार माणसं, चार पास’ असा सरसकट हिशेब करू नका. प्रत्येकाची वेगळी ओळ लिहा. घरातल्या दोघांनी पास घ्यायचा आणि दोघांनी सुटी तिकिटं, हेही चालतं.

पास कुठे फायद्याचा ठरतो?

जिथे बघायची बहुतेक ठिकाणं सशुल्क आहेत, एकमेकांच्या जवळ आहेत आणि तुम्ही ती तशीही बघणारच आहात, तिथे. पॅरिसमध्ये दोन दिवसांत लूव्हर, ऑर्से, सेंट-शापेल आणि आर्क द त्रियोम्फ करणाऱ्याने पासची किंमत जरूर ताडून बघावी. मात्र आयफेल टॉवर त्या पासमध्ये नाही. लूव्हर मंगळवारी आणि ऑर्से सोमवारी बंद असतं.

आपल्याकडचं उदाहरण जयपूरचं. तिथे आमेर किल्ला, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, नाहरगड अशा सरकारी ठिकाणांसाठी दोन दिवसांचं एकत्रित तिकीट मिळतं. जयपूरला जाणारे बहुतेक जण ही ठिकाणं बघतातच, त्यामुळे गणित सोपं होतं. पण सिटी पॅलेस आणि जयगड त्यात नाहीत. यादीत काय आहे यासोबत काय नाही हे वाचणंही तितकंच गरजेचं.

विकत घेण्याआधीची पाच मिनिटं

१. पासची यादी उघडण्याआधी स्वतःची यादी लिहा. पास नसता तरी पैसे देऊन बघितली असती अशीच ठिकाणं त्यात घाला.

२. प्रत्येक ठिकाणासमोर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरचा ऑनलाईन दर लिहा. पासच्या जाहिरातीत दिलेला दर घेऊ नका. आगाऊ तिकीट अनेकदा स्वस्त असतं.

३. ठिकाणं वारांमध्ये बसवा. दिवसाला दोन, फार तर तीन. घरात लहान मूल किंवा ज्येष्ठ असतील तर एक किंवा दोन.

४. त्या यादीतलं एक ठिकाण खोडा. पाऊस, थकवा किंवा रांग यामुळे एखादं राहतंच. खोडल्यावरही पास स्वस्त पडत असेल तर तो घ्यायला हरकत नाही.

५. न वापरलेला पास परत होतो का, किती दिवसांत आणि एकूण किती रकमेपर्यंत प्रवेश मिळतो, या अटी वाचा.

चौथी पायरी सर्वात कामाची. वरच्या पहिल्या उदाहरणात एकच ठिकाण खोडल्यावर १४ पौंडांचा फायदा १२ पौंडांच्या तोट्यात गेला होता. बचत इतकी काठावरची असेल तर सुटी तिकिटं बरी. त्यात दुपारी पाय दुखले तर बाकावर बसता येतं, ब्रिटिश म्युझियममध्ये आणखी तासभर थांबता येतं आणि आईला एखाद्या बागेत फुलं बघत बसायचं असेल तर ‘चला, पास संपतोय’ असं कुणाला म्हणावं लागत नाही.

फरक माणशी २५-३० पौंडांचा असेल, वार जुळत असतील आणि सोबतचे सगळे चालायला तयार असतील, तर पास बिनधास्त घ्या. फक्त पोहोचल्याच्या दिवशी तो सुरू करू नका. झोप पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या ठिकाणाचं दार उघडताना तो वापरा.